प्रयोगशाळेत विणलेली त्वचा

त्वचा हा मानवी शरीराचा सर्वांत विस्तृत अवयव होय. प्रौढ माणसाच्या त्वचेचे क्षेत्रफळ सुमारे दीड ते दोन चौरस मीटर भरते. ती सदैव डोळ्यांसमोर असते, म्हणूनच की काय, तिच्या आत चाललेल्या व्यवहाराकडे आपले लक्ष क्वचितच जाते.

त्वचेचे दोन मुख्य थर आहेत. वरच्या थरास बाह्यत्वचा म्हणतात. तो कागदासारखा पातळ असून त्यातील बहुसंख्य पेशी केराटिन नावाचे कठीण प्रथिन तयार करतात. ह्या केराटिनपेशी तळाशी जन्म घेतात, हळूहळू वर सरकतात, चपट्या होतात आणि काही आठवड्यांनी मृत खपलीच्या रूपाने गळून पडतात. स्नानाच्या वेळी अंग चोळताना जो मळ निघतो, त्यात अशा मृत पेशींचा मोठाच भाग असतो. बाह्यत्वचेखाली अंतस्त्वचा असते. ती जाड व चिवट असून कोलॅजन ह्या प्रथिनाच्या तंतूंनी विणलेली असते. हे तंतू निर्माण करणाऱ्या पेशींना आपण तंतुपेशी म्हणू.

दोन्ही थर जेथे मिळतात त्या सीमेवर, बाह्यत्वचेच्या अगदी तळाशी, तिसऱ्या प्रकारच्या पेशी विखुरलेल्या असतात. त्या रंजकपेशी होत. अष्टपाद प्राण्याने आपले बाहू पसरावेत त्याप्रमाणे रंजकपेशी आपल्या शाखा आजूबाजूच्या केराटिनपेशींपर्यंत पोचविते आणि मेलॅनिन ह्या काळसर रंगद्रव्याचे कण त्यांना वाटते. एक रंजकपेशी सुमारे ३६ केराटिनपेशींना रंग पुरविते, असे मानले जाते. गोऱ्या आणि सावळ्या माणसांत रंजकपेशींची संख्या जवळजवळ सारखीच असते. फरक असतो तो मेलॅनिनच्या प्रमाणात व त्याच्या कणांच्या आकारात.

ह्याच रंजकपेशी बेबंद वाढू लागल्या म्हणजे मेलॅनोमा हा कर्करोग होतो. त्याला कृष्णकर्क म्हणता येईल. त्वचेच्या इतर कर्करोगांपेक्षा तो कमी आढळतो, परंतु त्यांच्यापेक्षा पुष्कळच घातक असतो, कारण तो लवकर खोल जातो आणि रक्तावाटे व लसीकावाहिन्यांवाटे दूरवर पसरतो. तो किती खोल गेला आहे ह्यावर रोग्याचे भवितव्य मोठ्या प्रमाणात अवलंबून असते. अमेरिकन विकृतिशास्त्रज्ञ अलेक्झांडर ब्रेस्लो ह्यांनी १९७० साली ही खोली मिलिमीटरमध्ये मोजण्याची पद्धत सुचविली, आणि ती आजही वापरात आहे. एक मिलिमीटरच्या आत असलेली गाठ शस्त्रक्रियेने काढली असता रोगी बहुधा बरा होतो. चार मिलिमीटरांपलीकडे गेलेल्या गाठीविषयी मात्र तसे म्हणता येत नाही.

सुटे सूत आणि विणलेले कापड

अशा रोगावर औषध शोधावयाचे तर ते प्रथम कशावर तरी पारखून पाहावे लागते. एखादे रसायन कर्कपेशींना मारते की नाही हे पाहण्याची सर्वांत सोपी रीत म्हणजे त्या पेशी काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या सपाट तबकडीत वाढविणे आणि त्यांवर ते रसायन घालणे. ही रीत स्वस्त व जलद आहे. परंतु तबकडीत मेलेल्या पेशी रोग्याच्या शरीरात त्याच औषधाने मरतातच असे नाही, हा अनुभव संशोधकांना पुन्हा पुन्हा आलेला आहे.

असे का व्हावे, हे समजण्यासाठी रायपूरच्या पंडरी भागातील कापडबाजाराचे उदाहरण घेऊ. तेथे साडी किंवा धोतरजोडी घेणारे गिऱ्हाईक सुटा धागा ओढून कापडाची परीक्षा करीत नाही. ते कापड हातात घेते, चुरगाळून पाहते, उजेडासमोर धरून विणीचा दाटपणा पाहते. धागा चांगला असूनही वीण विरळ असू शकते. उलट, सामान्य धाग्याचे घट्ट विणलेले कापड वर्षानुवर्षे टिकते. तबकडीतील पेशी म्हणजे सुटे सूत होय. त्वचेत तीच पेशी शेजारच्या पेशींना जखडलेली असते. तिच्या पायाखाली कोलॅजनची वीण असते. तिच्यापर्यंत पोचणारे औषध अनेक थर पार करून आलेले असते, आणि तिला आजूबाजूने रासायनिक संदेश मिळत असतात. सुताची पारख करून कापडाविषयी निर्णय देण्याची चूक औषधशास्त्राने बरीच वर्षे केली, असे म्हटल्यास ते फारसे अन्यायाचे होणार नाही.

उंदरावर प्रयोग करून ही उणीव पुरती भरून निघत नाही. उंदराची कातडी पातळ व केसाळ असते, आणि त्याच्या रंजकपेशी बहुतांशी केसांच्या मुळांत राहतात. माणसात त्या बाह्यत्वचेच्या तळाशी असतात. ज्या ठिकाणी रोग सुरू होतो तेच ठिकाण दोघांत निराळे आहे.

ऊतकसंवर्धनाची परंपरा

शरीराबाहेर जिवंत ऊतक वाढविण्याची विद्या आता शंभर वर्षांहून जुनी झाली आहे. १९०७ साली रॉस हॅरिसन ह्या अमेरिकन शास्त्रज्ञाने बेडकाच्या भ्रूणातील मज्जातंतू लसीकेच्या थेंबात वाढताना पाहिले, तेथून तिचा आरंभ धरतात. १९५१ साली बॉल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स संस्थेत जॉर्ज ऑटो गाय ह्यांच्या प्रयोगशाळेत मानवी कर्कपेशींचा पहिला अखंड वाढणारा वंश स्थिर झाला. 'हेला' ह्या नावाने तो जगभर गेला. ज्या स्त्रीच्या शरीरातून त्या पेशी घेतल्या होत्या, तिला मात्र कोणी विचारले नव्हते. ह्या गोष्टीची चर्चा पुढे अनेक दशके चालली, आणि ती व्हावयास हवीच होती.

ही विद्या महाराष्ट्रात आली ती एका पुणेकर स्त्रीच्या हातून. कमल रणदिवे, पूर्वाश्रमीच्या कमल समर्थ, ह्यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात झाला. हुजूरपागेत व फर्ग्युसन महाविद्यालयात शिक्षण झाल्यावर त्या मुंबईस आल्या आणि टाटा मेमोरियल रुग्णालयातील थोर विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर ह्यांच्या मार्गदर्शनाखाली काम करून त्यांनी १९४९ साली मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. पुढे त्या बॉल्टिमोरला गाय ह्यांच्या प्रयोगशाळेत शिकून आल्या. परत आल्यावर मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी देशातील पहिली ऊतकसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. त्या काळी पेशींना लागणारे पोषकद्रव बाटलीत भरलेले विकत मिळत नसे. रणदिवे व त्यांचे सहकारी ते आपल्या हातांनी तयार करीत. १९८२ साली त्यांना पद्मभूषण हा सन्मान मिळाला. ज्या संस्थेत त्यांनी काम केले तिचे कार्य आज नवी मुंबईत खारघर येथे चालू आहे.

खानोलकरांचा उल्लेख झालाच आहे, तर त्वचेविषयीच्या त्यांच्या एका निरीक्षणाची नोंद येथे केली पाहिजे. १९४५ साली त्यांनी व डॉ. सूर्याबाई ह्यांनी भारतीय लोकांच्या राहणीशी निगडित अशा कर्करोगांचे वर्णन केले. त्यांपैकी एक होता 'धोतराचा कर्करोग'. कमरेला वर्षानुवर्षे त्याच जागी घट्ट आवळलेल्या कापडाच्या घर्षणाने त्वचा आधी काळवंडते व जाड होते, मग तेथे व्रण होतो आणि क्वचित त्याचे कर्करोगात पर्यवसान होते. २०२४ साली वर्धा व बिहारमधील डॉक्टरांनी परकराच्या नाडीमुळे झालेल्या अशाच रोगाचे वृत्त प्रसिद्ध केले. हा कर्क रंजकपेशींचा नव्हे, केराटिनपेशींचा. तरीपण त्याचा बोध आपल्या विषयास लागू पडतो. त्वचेचा रोग सर्व देशांत एकाच साच्याचा नसतो, आणि परदेशी पुस्तकातील चित्र आपल्या रोग्याशी जुळेलच असे नाही.

त्वचा कशी तयार करतात?

केराटिनपेशी तबकडीत पुनःपुन्हा वाढविणे फार काळ जमले नव्हते. हॉवर्ड ग्रीन व जेम्स राइनवॉल्ड ह्यांनी १९७५ साली ते साध्य केले. किरणोत्साराने वाढ थांबविलेल्या उंदराच्या तंतुपेशींचा थर खाली अंथरला असता त्यावर मानवी केराटिनपेशी जोमाने वाढतात, हे त्यांना आढळले. शेजारी असल्याखेरीज ही पेशी नांदत नाही, हे तेव्हाच दिसले होते. १९८१ साली युजीन बेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलॅजनच्या जाळीत तंतुपेशी पेरून आणि त्यावर केराटिनपेशींचा थर देऊन त्वचेसारखे जिवंत ऊतक घडविले.

आज ही कृती साधारणपणे पुढील रीतीने करतात. शस्त्रक्रियेत काढून टाकलेला निरोगी त्वचेचा तुकडा, ज्याचा तो आहे त्याच्या लेखी संमतीने, प्रयोगशाळेत आणला जातो. एका विशिष्ट एंझाइमाच्या द्रावणात तो रात्रभर थंड जागी ठेवला की उकडलेल्या बटाट्याची साल सुटावी तशी बाह्यत्वचा अंतस्त्वचेपासून सुटी होते. मग दोन्ही थरांतील पेशी वेगवेगळ्या करून निरनिराळ्या भांड्यांत वाढवितात. कोलॅजनचे द्रावण बर्फात ठेवले असता पातळ राहते. त्यात तंतुपेशी मिसळून ते शरीराच्या उष्णतेला, म्हणजे ३७ अंश सेल्सियसला, आणले की तासाभरात खरवसासारखे थिजते. पुढील काही दिवसांत त्यातील तंतुपेशी कोलॅजनचे धागे स्वतःकडे ओढू लागतात व तो खरवस आकसून घट्ट होतो. ही झाली अंतस्त्वचा.

तिच्यावर केराटिनपेशी व रंजकपेशी ठरावीक प्रमाणात पेरतात. काही दिवस सर्व ऊतक पोषकद्रवात बुडालेले असते. त्यानंतर ते अशा बेताने वर उचलतात की खालची बाजू द्रवाला टेकलेली राहावी आणि वरची बाजू हवेत उघडी पडावी. हवा लागताच केराटिनपेशींना जणू आपण शरीराच्या पृष्ठभागावर आहोत असे कळते. त्या थरावर थर रचू लागतात, वरचे थर चपटे व कठीण होतात, आणि दहा-पंधरा दिवसांत सूक्ष्मदर्शकाखाली खऱ्या त्वचेसारखी दिसणारी बाह्यत्वचा तयार होते. रंजकपेशी आपल्या मूळ जागी, तळाच्या थरात, जाऊन बसतात.

कृष्णकर्काचा अभ्यास करावयाचा असेल तेव्हा निरोगी रंजकपेशींऐवजी मेलॅनोमाच्या पेशी मिसळतात. ठरलेल्या दिवशी ऊतक गोठवून किंवा मेणात बसवून त्याचे अतिशय पातळ छेद घेतात, रंगवितात आणि कर्कपेशी सीमा ओलांडून खाली किती उतरल्या ते पाहतात. ब्रेस्लो ह्यांची मोजपट्टी अशा रीतीने रोग्याच्या शरीराबाहेरही लावता येते.

शेजाऱ्यांचा अंमल

अमेरिकेत फिलाडेल्फिया येथील विस्टार संस्थेत मीनहार्ड हेर्लिन ह्यांच्या गटाने अशा कृत्रिम त्वचेत रोगाच्या निरनिराळ्या अवस्थांतील पेशी पेरून पाहिल्या. प्रारंभीच्या अवस्थेतून घेतलेल्या पेशी बाह्यत्वचेतच पसरल्या. पुढच्या अवस्थेतील पेशी सीमा भेदून अंतस्त्वचेत शिरल्या. सपाट तबकडीत हा भेद इतका स्पष्ट दिसत नाही. त्यांच्या अभ्यासातून आणखी एक गोष्ट पुढे आली. निरोगी रंजकपेशी केराटिनपेशींना ई-कॅडहेरिन नावाच्या प्रथिनाने बांधलेली असते आणि त्या बंधनातूनच केराटिनपेशी तिच्या वाढीवर अंमल ठेवतात. कर्कपेशी हे प्रथिन गमावते आणि शेजाऱ्यांच्या धाकातून सुटते. ते प्रथिन तिच्यात पुन्हा निर्माण करविले असता केराटिनपेशींचा अंमल बऱ्याच अंशी पुनः प्रस्थापित झाला.

मात्र सर्व शेजारी असे सज्जन नसतात. २००२ साली असे आढळले की मेलॅनोमाच्या पुष्कळ रोग्यांत बीरॅफ नावाच्या जनुकात एक ठरावीक बिघाड असतो. त्या बिघडलेल्या जनुकाच्या प्रथिनावर नेमका घाव घालणारे व्हेम्युराफेनिब हे औषध अमेरिकेत २०११ साली मान्य झाले. गाठी झपाट्याने विरघळू लागल्या. बहुतेकांत मात्र काही महिन्यांतच रोग उलटला. २०१२ साली अमेरिकेतील दोन संशोधक गटांनी ह्याचे एक कारण दाखविले. कर्कपेशी एकट्या असताना हे औषध त्यांना मारते. त्यांच्या सोबतीला विशिष्ट तंतुपेशी ठेवल्या तर त्या एक वृद्धिकारक द्रव्य स्रवतात आणि त्याच्या आधाराने कर्कपेशी औषधाला दाद देत नाहीत. पुढे दुसऱ्या मार्गावर घाव घालणाऱ्या औषधाची जोड देण्याचा उपचार रूढ झाला व त्याने रोग्यांचे आयुष्य वाढले.

औषध पारखताना कृत्रिम त्वचेचा उपयोग दोन रीतींनी होतो. गोळी किंवा सुई म्हणून द्यावयाचे औषध खालच्या पोषकद्रवात मिसळतात, कारण शरीरात ते रक्तावाटे खालूनच येणार असते. मलम वरून लावतात. दोन्ही प्रसंगी कर्कपेशी मेल्या का, एवढेच पाहून भागत नाही. निरोगी केराटिनपेशी जगल्या का, हेही पाहावे लागते.

तळपायाचा प्रश्न

आता आपण आपल्या देशातील रोग्याकडे वळू. भारतात मेलॅनोमा यूरोप-ऑस्ट्रेलियाच्या मानाने पुष्कळ कमी होतो. गोऱ्या लोकांत त्याचे प्रमुख कारण उन्हातील अतिनील किरण हे आहे. सावळ्या लोकांत मेलॅनिन त्यांपासून संरक्षण देते, आणि मेलॅनोमा झालाच तर त्याचा मोठा वाटा तळपाय, तळहात व नखांखालची जागा येथे असतो. ह्या प्रकाराला १९७६ साली अमेरिकन विकृतिशास्त्रज्ञ रिचर्ड रीड ह्यांनी स्वतंत्र नाव दिले. जमेकाचा प्रसिद्ध गायक बॉब मार्ली १९८१ साली वयाच्या ३६ व्या वर्षी ह्याच रोगाने मरण पावला. त्याचा आरंभ पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली झाला होता.

तळपायावरील काळा डाग लक्षात येण्यास उशीर लागतो. छत्तीसगडच्या भातखाचरांत अनवाणी राबणाऱ्या माणसाला तो काट्याचा व्रण, कुरूप किंवा मुका मार वाटतो. वाढणारा, कडा वेड्यावाकड्या असलेला, रंग बदलणारा किंवा भरून न येणारा डाग डॉक्टरांना दाखविला पाहिजे. रायपूर शहरात डॉ. भीमराव आंबेडकर रुग्णालयाशी संलग्न प्रादेशिक कर्करोग केंद्र आहे, आणि २०१२ पासून अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थाही आहे. ऊतकाचा लहानसा तुकडा तपासून निदान करण्यासाठी मुंबई गाठण्याचे कारण नाही.

परंतु निदानानंतर कोणते औषध द्यावे? तळपायाच्या मेलॅनोमात बीरॅफचा तो ठरावीक बिघाड बराच कमी आढळतो. जी औषधे उन्हाने झालेल्या रोगासाठी घडविली गेली, ती येथे अनेकदा लागू पडत नाहीत. प्रयोगशाळांतून सर्रास वापरले जाणारे पेशीवंशही ह्या रोगाचे प्रतिनिधी नव्हेत. ए-३७५ ह्या सुप्रसिद्ध मानवी वंशात बीरॅफचा बिघाड आहे, आणि बी-१६ हा तर १९५४ साली एका उंदरात उद्भवलेल्या गाठीचा वंश होय. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राचा आरंभ १९८६ साली पेशी व ऊतक संवर्धनाची राष्ट्रीय सुविधा म्हणून झाला. देशभरच्या प्रयोगशाळांना पेशीवंश पुरविण्याचे मोलाचे काम ते करते. तळपायाच्या मेलॅनोमाचे वंश मात्र जगातच थोडे आहेत.

पेशीवंश मिळाला तरी त्याच्या पायाखालची जमीन कोणती, हा प्रश्न उरतोच. युजी यामागुची व व्हिन्सेंट हिअरिंग ह्यांच्या गटाने २००४ साली दाखविले की तळहात-तळपायातील तंतुपेशी डिककॉफ-१ नावाचे प्रथिन विपुल प्रमाणात स्रवतात आणि त्यामुळे वरच्या रंजकपेशींची वाढ व रंगनिर्मिती मंदावते. सावळ्या माणसाचाही तळहात फिकट का असतो, ह्याचा उलगडा येथे होतो. त्यापूर्वी यामागुची ह्यांना असेही दिसले होते की अंगावरच्या साध्या केराटिनपेशींना तळपायाच्या तंतुपेशींची संगत दिली तर त्या तळपायाला साजेसे केराटिन तयार करू लागतात. म्हणजे वरच्या थराचे रूप खालचा थर ठरवितो. मग पोटाच्या किंवा स्तनाच्या शस्त्रक्रियेतून मिळालेल्या तंतुपेशींवर उभी केलेली त्वचा, तिच्यात मेलॅनोमा पेरला तरी, तळपायाच्या रोगाची साक्ष कशी देईल? आमच्या मते भारतीय संशोधनाने हाती घेण्याजोगे काम हेच आहे. साहित्य दुर्मिळ नाही. तळपायाच्या शस्त्रक्रिया आपल्या रुग्णालयांतून नित्य होतात. हवी आहे ती रोग्याची जाणती संमती, आणि शस्त्रक्रियागृहापासून प्रयोगशाळेपर्यंत तुकडा वेळेत व थंड पोचविण्याची व्यवस्था.

कायद्याची वाटही मोकळी झाली आहे. सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवरील चाचणी भारताने २०१४ साली बंद केली. २०२३ साली नव्या औषधांसंबंधीच्या नियमांत दुरुस्ती होऊन प्राण्यांखेरीज मानवी पेशी व ऊतके ह्यांवर केलेल्या परीक्षांनाही स्थान मिळाले. तथापि ह्या पद्धतीला पूर्णतः प्राणिमुक्त म्हणणे आज तरी बरोबर नाही. तिच्यातील कोलॅजन बहुधा प्रयोगशाळेतील मोठ्या उंदरांच्या शेपटीतून किंवा गाईगुरांच्या चामड्यातून काढलेले असते, आणि पोषकद्रवात अनेकदा वासराच्या भ्रूणाचा रक्तद्रव असतो.

इतर उणिवाही आहेत. ह्या त्वचेत रक्तवाहिन्या नसतात, यकृताने औषधाचे जे रूपांतर केले असते ते येथे होत नाही, आणि ऊतक काही आठवडेच टिकते. शरीराच्या प्रतिकारशक्तीला जागे करणारी जी औषधे २०११ पासून मेलॅनोमाच्या उपचारात आली, त्यांची परीक्षा येथे करता येत नाही, कारण ज्या पेशींना जागे करावयाचे त्या ह्या त्वचेत नसतातच. रक्तवाहिन्या व प्रतिकारपेशी घालून अधिक पूर्ण ऊतक घडविण्याचे प्रयत्न अनेक ठिकाणी चालू आहेत.

तळपायाच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. आपल्या तळव्यावर बारीक रेषा असतात. त्यांत उंचवटे व खाचा एकाआड एक येतात. जपानी त्वचारोगतज्ज्ञ तोशिआकी सैदा व त्यांच्या सहकाऱ्यांनी भिंगाखाली हे डाग तपासून असे दाखविले की निरुपद्रवी तिळाचा रंग बहुधा खाचांत असतो, आणि मेलॅनोमाचा रंग उंचवट्यांवर. घामाच्या ग्रंथींची तोंडे उंचवट्यांवरच उघडतात. उंदराच्या पंज्यावरील अभ्यासात ह्या ग्रंथींच्या आसपास रंजकपेशींच्या मूलपेशी सापडल्या आहेत, आणि रोगाचा उगम तेथे असावा असा तर्क त्यावरून केला जातो. तो माणसात पारखून पाहण्यासाठी उंचवटे, खाचा व घामाच्या ग्रंथी असलेली त्वचा लागेल. खरवसासारख्या थिजलेल्या कोलॅजनवर वाढणारी आजची त्वचा सपाट असते, आणि तिला घाम येत नाही.